सूप आणि चाळणी

सूप आणि चाळणी या दोन वस्तू बहुतेक घरांत शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. पण दोघींचे स्वभाव अगदी उलटे. सूप फोल उडवून देते आणि दाणा जवळ ठेवते. चाळणी पीठ खाली सोडून देते आणि कोंडा छातीशी धरून बसते. एवढ्यावरून आपल्या शहाण्या लोकांनी सुपाला सज्जनांच्या पंक्तीत बसवले आणि चाळणीला दुर्जनांच्या. बिचाऱ्या चाळणीवर हा मोठाच अन्याय झाला असे मला नेहमी वाटत आले आहे. चाळणी नसती तर दिवाळीत चकलीला काटा आला नसता आणि शंकरपाळ्यांनी दातांची परीक्षा घेतली असती. खरे पाहता गुण काय किंवा अवगुण काय, तो वस्तूत नसतोच. तो असतो जाळीच्या भोकात आणि धरणाऱ्याच्या हातात. रव्याच्या चाळणीने मैदा चाळू म्हटले तर चालत नाही. आणि वाऱ्याची दिशा न पाहता पाखडायला बसले तर सुपातले फोल आपल्याच डोळ्यांत जाते.

हा विचार परवापरवापर्यंत स्वयंपाकघरापुरता होता. आता तो थेट मोबाइलमध्ये आणि संगणकात जाऊन बसला आहे. तिथे एक दातेरी चाकाचे चित्र असते, आणि त्याच्यामागे शंभर चाळण्या आणि पन्नास सुपे टांगलेली असतात. कोणता आवाज कानापर्यंत येऊ द्यायचा, कोणता अडवायचा. कोणत्या पाहुण्याला घरात घ्यायचे, कोणाला ओट्यावरच पाणी देऊन वाटेला लावायचे, ते सगळे तिथे ठरते. या प्रकाराला सेटिंग म्हणतात.

आता आमच्या भागात सेटिंग या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. "त्याची वरपर्यंत सेटिंग आहे," असे अमडापूरच्या पारावर कोणी म्हणाले, की ऐकणारा समजायचे ते समजतो. त्यामुळे मी बालवर्गाची बाई, रात्री चार पाने कादंबरीची लिहिणारी, शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंतचे, आणि अलीकडे "आज जरा सेटिंग बघत बसले होते" असे सांगू लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्याकडे नव्याच आदराने पाहिले.

पूर्वी यंत्राला सांगायच्या गोष्टी फार थोड्या होत्या. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्यानंतर वऱ्हाडातल्या घरांत जे रेडिओ आले, त्यांना मुख्यत्वे दोन बटणे असत. एक आवाजाचे, एक केंद्र लावायचे. तिसरे बटण म्हणजे घरातले एक लहान मूल. त्याला एरियलची तार धरून कोपऱ्यात उभे करायचे आणि "जरा डावीकडे हो" म्हणायचे. त्या मुलाला बातम्या कधी ऐकू येत नसत. पण आपल्यामुळे साऱ्या घराला त्या ऐकू येतात याचा अभिमान त्याला पुरे. आजच्या यंत्रातून ते मूल नाहीसे झाले आहे, आणि त्याच्या जागी सेटिंगची यादी आली आहे. ती इतकी लांब, की पुष्कळ माणसे तिच्याकडे पाहतच नाहीत. कारखान्यातून यंत्र जसे आले तसेच वापरतात आणि तसेच मोडीत काढतात. दुकानातून आणलेला सदरा, बाह्या चार बोटे लांब असल्या तरी, त्या न दुमडता आयुष्यभर घालावा, त्यातलाच हा प्रकार.

आवाजाची यंत्रे आणि विषाणू पकडणारी अँटिव्हायरसची यंत्रणा या दोन अगदी भिन्न जातीच्या गोष्टी आहेत असे आपल्याला वाटते. पण महाराष्ट्रात या दोहोंची सोयरीक फार जुनी आहे, आणि ती जुळवली ती मॅट्रिकच्याच एका माणसाने. म्हणून मला त्या कथेचे जरा जास्तच प्रेम. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुढे शिकले नाहीत. पुण्यात एका दुकानात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचे काम त्यांनी धरले, आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटा भाऊ संजय याला मात्र त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुरुस्तीला येणारे संगणक वारंवार विषाणूंनीच आजारी पडलेले असत. तेव्हा धाकट्याने त्यांच्यावरचे औषध लिहायला घेतले, आणि १९९५ साली 'क्विक हील' बाजारात आले. कंपनीला पुढे २००७ साली तेच नाव मिळाले आणि २०१६ साली तिचे शेअर बाजारात विकायला आले. रेडिओची खरखर काढता काढता माणूस संगणकाची खरखर काढू लागला, असे मी माझ्या समजुतीने म्हणते. खरखर नेमकी कोणती आणि गाणे कोणते, हे ओळखणे दोन्हीकडे सारखेच लागते.

विषाणूंची वंशावळही अशीच दोन भावांपासून सांगता येते. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवर बसून देशोदेशी गेला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरसुद्धा घातला होता! चोराने दारावर आपली पाटी लावून जावे, असा तो भाबडा काळ. पुढचे चोर इतके भाबडे राहिले नाहीत. पेनड्राइव्ह आला तसे ते त्याच्या खिशातून हिंडू लागले. पेनड्राइव्ह यंत्राला लावल्याबरोबर आतला कार्यक्रम आपोआप सुरू व्हायचा, ही मूळची सोय चोरांना फार मानवली. शेवटी २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधलेही ते आपोआप उघडणारे दार बंद केले. दार एकच, कडी एकच. ती लावायची की काढून ठेवायची, एवढाच प्रश्न. पण त्या एका कडीने कितीतरी घरे वाचली.

माझा या विषयाशी संबंध आला तो एका कासवामुळे. आमच्या बालवर्गात एक संगणक आहे आणि त्यावर मी मुलांना गोष्टींची चित्रे दाखवते. एक दिवस ससा झाडाखाली झोपलेला, कासव हळूहळू पुढे चाललेले, मुले श्वास रोखून बसलेली. आणि कासव थांबले. हलेचना. ससाही उठेना. पाच मिनिटांनी मागच्या रांगेतून एक चिमुरडा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, कासवपण झोपलं." यंत्र पाहिले तेव्हा उलगडा झाला. अँटिव्हायरसने रोज सकाळी अकरा वाजता साऱ्या घराची झडती घ्यायची, असे कोणीतरी दूर बसून ठरवून दिलेले होते, आणि तो इमानी पहारेकरी झडतीत गर्क होता. त्याचा दोष नव्हता. अकरा वाजता अमडापुरात गोष्ट चालते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. झडतीची वेळ मी खिचडीच्या सुट्टीत नेली. तेव्हापासून कासव दर वेळी वेळेवर पोहोचते.

त्या दिवसापासून मला या यादीची गोडी लागली. चित्र आणि आवाज यांची चुकामूक झालेली पुष्कळ ठिकाणी दिसते. तोंड आधी हलते आणि शब्द मागून येतात. नारिंगी शंकूचे चित्र असलेला व्हीएलसी नावाचा जो फुकट मिळणारा कार्यक्रम आहे, त्यात 'जे' आणि 'के' या दोन अक्षरांनी आवाज मागे-पुढे सरकवता येतो, दर वेळी ५० मिलिसेकंद. हा कार्यक्रमही विद्यार्थ्यांनीच केलेला. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी १९९६ साली तो सुरू केला आणि २००१ साली जगाला खुला करून दिला. कोणीही वापरा, कोणीही आत डोकावून पाहा. आमच्या बालवर्गातला ससा आज वेळेवर ओठ हलवतो, यात पॅरिसच्या मुलांचा वाटा आहे.

पहारेकऱ्याच्या बाबतीतही चार गोष्टी कळल्या. एका घरात दोन पहारेकरी ठेवू नयेत. ते चोराला सोडून एकमेकांवर संशय घेतात, आणि या झटापटीत यंत्र मंदावते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण संगणकाला तंतोतंत लागू आहे. पहारेकरी जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या धंद्यातल्या लोकांनी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल करून ठेवली आहे. तिच्यात विष मुळीच नाही, पण ती दिसताच पहारेकऱ्याने ओरडायचे असा संकेत आहे. आणि जो पहारेकरी न बोलावता स्वतःहून दारात येऊन "तुमच्या घरात तेरा साप आहेत, मला आत घ्या" असे ओरडतो, तोच बहुधा साप असतो. मोबाइलवर मध्येच उगवणाऱ्या लाल पाट्या या जातीच्या. आमच्या चिरंजिवांनी एकदा विजेरीचा एक कार्यक्रम घेतला, तर तो म्हणे, घरातल्या सगळ्यांचे टेलिफोन नंबर पाहू द्या! विजेरी उसनी मागायला आलेल्या शेजाऱ्याने तिजोरीची किल्ली मागावी तसे झाले. आम्ही 'नाही' म्हटले. विजेरी तरीही नीट पेटली.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली, आणि या चाळण्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

माझे सासरे जाऊन आता तीन वर्षे होतील. घरात आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. माणूस अबोल. शेतातून आले की पाय धुऊन अंगणात बसत. पण नातवाने गोष्ट मागितली की त्यांची जीभ मोकळी होई. नातू आठ वर्षांचा असताना त्याने एके संध्याकाळी मोबाइल आजोबांच्या मांडीवर ठेवून त्यांचे बोलणे भरून घेतले. सहा-सात मिनिटांचेच. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला कसे जात, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी घरोघर कशी खाल्ली जाई, आणि कामावर मिळालेली सुकडी ते स्वतः न खाता धाकट्या बहिणीसाठी धोतराच्या सोग्यात कशी बांधून आणत, एवढेच त्यात होते. मामंजींचा आवाज म्हणून घरात जे काही उरले, ते हे एवढे. ते एका नखाएवढ्या मेमरी कार्डात होते.

गेल्या वर्षी भावकीतल्या एका लग्नाच्या निमित्ताने ते कार्ड फोटो छापायला म्हणून एका दुकानात जाऊन आले. घरच्या लॅपटॉपला लावले, तर पहारेकऱ्याने एकदम आरोळी ठोकली. चौदा धोके सापडले. सर्व काढून टाकले. आम्ही कार्ड उघडले. आत काहीही नव्हते. लग्नाचे फोटो नव्हते आणि मामंजीही नव्हते.

हे काही बोलले नाहीत. कार्ड बोटांच्या चिमटीत धरून उगीच उजेडात पाहत राहिले. जणू त्यात डोकावले तर वडील दिसतील. दुसऱ्या दिवशी हे चिखलीला एका जाणकाराकडे गेले. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो भाऊ. कार्ड नव्यासारखं होईल." हे तसेच परत आले. नव्यासारखे व्हायला त्यांना नकोच होते.

सासूबाईंना आम्ही सांगितले नव्हते. पण घरात लपवालपव कोणापासून करायची? ज्याला कमी ऐकू येते त्याला जास्त दिसते. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "काय हरवलं हाय, ते तरी सांगा."

त्या रात्री मी आणि मुलगा लॅपटॉपपुढे बसलो. सापडलेल्या धोक्याचे काय करायचे, हे अशा कार्यक्रमांत आपण ठरवून देऊ शकतो: दुरुस्त करावा, काढून टाकावा, की बाजूला अडकवून ठेवावा. या शेवटच्या प्रकाराला क्वारंटाइन म्हणतात. शब्द इटलीतला, चाळीस या आकड्यावरून आलेला. साथीच्या दिवसांत बंदरात आलेली जहाजे चाळीस दिवस दूर उभी करून ठेवीत. २०२० साली गावोगावच्या शाळांतून बाहेरगावची माणसे अशीच ठेवली होती, तेव्हा हा शब्द आपल्या आयाबायांनाही पाठ झाला. आमच्या लॅपटॉपवर 'काढून टाकावा' हे आधीपासूनच ठरलेले होते. मी आधी ते बदलून 'बाजूला ठेवावा' केले. मग पहारेकऱ्याची वही उघडून त्याने नेमके कोणाला काढले ते वाचू लागलो.

चौदाही नावे वाचली, आणि मुलगा एकदम म्हणाला, "आई, यातली एकही खरी फाइल नाही. सगळ्या पाट्याच आहेत."

तो विषाणू मोठा मायावी होता. तो मूळ वस्तूंना हात लावत नाही. त्यांच्यावर फक्त 'अदृश्य' असा शिक्का मारतो, आणि त्यांच्याच नावाच्या खोट्या पाट्या दारात लावून ठेवतो. पाटीवर बोट ठेवले की चोर घरात. पहारेकऱ्याने त्या पाट्या काढल्या, ते योग्यच केले. पण शिक्का पुसणे त्याच्या यादीत नव्हते. मुलाने कार्डाचे वजन पाहिले. म्हणजे किती जागा भरली आहे तो आकडा. रिकामे दिसणारे कार्ड जवळजवळ भरलेले होते! कणगीत हात घालावा तर दाणा लागू नये, आणि कणगी मात्र हलता हलू नये, तशातली गत. मग यादीत खोल शिरून दोन कड्या काढल्या: लपवलेल्या फाइली दाखव ही एक, आणि यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या फाइलीही दाखव ही दुसरी. पडद्यावर एकेक पुसट चित्र उमटू लागले. नवरा-नवरी आली, वरात आली, आणि सर्वांत खाली, नातवाने आठव्या वर्षी चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेले 'आजोबा' आले.

हे दारात उभे होते. मुलाने वाजवायला बोट उचलले, तर म्हणाले, "थांब. आजीला उठव."

आता पुढचा भाग कानाचा. सासूबाईंचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे, आणि डावा म्हातारा झाला आहे. म्हातारा कान म्हणजे सगळे आवाज सारखेच कमी होतात असे नव्हे. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंत. वय झाले की आधी बारीक, उंच आवाज नाहीसे होतात. स्वरांचा भार खालच्या पट्टीत असतो, आणि स, श, थ, फ यांच्यासारख्या अक्षरांची फुंकर वरच्या पट्टीत. म्हणून आजी म्हणते, "बोलता ते आयकू येते, पण काय बोलता ते समजत नाही." आपण समजतो, तिचे लक्ष नाही, आणि ओरडतो. ओरडल्याने स्वर तेवढा फुगतो, अक्षराची धार काही वाढत नाही. एका कानाने ऐकणाऱ्यासाठीही मोबाइलमध्ये एक सोय असते. दोन कानांसाठी वाटून दिलेला आवाज एकत्र करून दोन्हीकडे सारखा सोडायचा. तिला मोनो म्हणतात. ती आम्ही पूर्वीच लावून दिली होती. तिच्यामुळे सासूबाईंना कीर्तनातली पेटी आणि बुवा दोघेही एकाच वेळी भेटू लागले होते.

मामंजींचे बोलणे मात्र तसेच लावले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. "गुणगुण येते," म्हणाल्या. त्या संध्याकाळी पंखा चालू होता, आणि त्याची घरघर साऱ्या बोलण्यावर गोधडीसारखी पसरली होती.

व्हीएलसीत इक्वलायझर म्हणून दहा पट्ट्या असतात. डावीकडे ६० हर्ट्झचा जाड आवाज, उजवीकडे १६,००० चा केसासारखा बारीक. प्रत्येक पट्टी वेगळी वर-खाली करता येते. मी डावीकडच्या पहिल्या दोन पट्ट्या पार खाली ओढल्या. पंखा बंद पडला. उजवीकडची ३,००० ची पट्टी वर नेली. मामंजींच्या शब्दांना कोरल्यासारखे काठ आले. सासूबाईंच्या कानाला इयरफोन लावला.

त्या ऐकू लागल्या. मिलोशी आल्या तेव्हा त्यांची मान हलली. सुकडीशी आल्या तेव्हा पदर डोळ्यांना गेला. बोलणे संपले. मला वाटले, झाले. जे हवे होते ते मिळाले. त्यांनी इयरफोन काढला, थोडा वेळ तो हातात धरला, आणि विचारले, "माही भाकर कुठं गेली?"

मला कळेना.

"ते बोलून राह्यले, तवा मी आत भाकरी थापत होती. मघा गुणगुणीत ते थापणं आयकू येत होतं मले. आता नाही येत." आणि मग, तक्रार नव्हे, नुसतीच विचारपूस करावी तशा, "मले काढून टाकलं का वं त्याच्यातून?"

भाकरीची थाप आणि पंख्याची घरघर दोन्ही एकाच खालच्या पट्टीत राहणाऱ्या. पंखा हाकलायला गेले, त्याच्याबरोबर सासूबाईही बाहेर गेल्या होत्या. मी त्या दोन पट्ट्या पुन्हा अर्ध्यापर्यंत वर आणल्या. पंखा थोडासा परत आला. त्याला इलाज नव्हता. पण त्याच्याबरोबर थप्, थप्, आणि थोड्या अंतराने तव्यावर टाकल्याची एक शांतता, पुन्हा थप्, थप्, हेही आले. आम्हीही आता कान देऊन ऐकले. मामंजी दुष्काळातली भूक सांगत होते, आणि मागे त्यांची बायको भाकरी थापत होती. इतके दिवस आम्ही सगळे त्या आवाजाला खरखर समजत आलो होतो.

तेव्हापासून माझ्या मनात हे घोळत आहे. कादंबरी लिहिणारी माणसेही पट्ट्याच वर-खाली करत असतात. एकाचा आवाज पुढे घ्यायचा, बाकीच्यांची कुजबुज मागे सारायची, म्हणजे कथा स्पष्ट ऐकू येते. पण मागे काय सारले जाते? बहुतेक वेळा भाकरीच. इतिहासातही तेच, आणि घराच्या आठवणीतही तेच. आजोबा काय म्हणाले ते चार पिढ्यांना पाठ असते. ते म्हणत असताना चुलीपुढे कोण होते, हे कोणी विचारत नाही. मुद्दाम कोणी गाळलेले नसते. कारखान्यातून आलेली मांडणीच तशी असते, एवढेच.

म्हणून सूप आणि चाळणी यांचा जुना निवाडा मला फिरवून मागावासा वाटतो. पहारेकरी हवाच, आणि त्याने चोराला धरलेच पाहिजे. चोराशी भूतदया करून चालत नाही. पण दारात दिसेल त्याचा जागेवर निकाल लावण्यापेक्षा त्याला बाजूला बसवून, नाव-गाव विचारून मग ठरवणे केव्हाही बरे. खरखर काढायला हवीच, नाही तर शब्द ऐकू येत नाहीत. पण ती खरखर कोणाच्या हाताची आहे, हे ज्याला कमी ऐकू येते त्याला एकदा विचारून घ्यावे. यंत्राला सज्जन-दुर्जन काही कळत नाही. त्याला भोके कळतात, आणि ती केवढी ठेवायची हे सांगणारा माणूस घरचा असलेला बरा.

दिवाळीच्या तोंडावर घरोघर साफसफाई चालली असेल. माळ्यावरच्या वस्तू खाली येतील, अडगळ मोडीत जाईल. त्या अडगळीत एखादा बंद पडलेला मोबाइल असेल, एखादे मेमरी कार्ड असेल, भाचीच्या बारशाची कॅसेट असेल. वाचकहो, भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी ती एकदा लावून पाहा. रिकामी दिसली तर तिचे वजन पाहा. आत जे काही सापडेल त्याच्या दोन नकला करून वेगवेगळ्या घरांत ठेवा. एक लेकीकडे गेली तर उत्तम. आणि पाडव्याच्या दिवशी जेवणे झाली की सर्वांना बसवून ऐका. ऐकताना पट्ट्या हव्या तशा फिरवा. फक्त डावीकडच्या पहिल्या दोन अगदी तळाला नेऊ नका. तिथे कोणीतरी भाकरी थापत असण्याचा संभव आहे.